नऊ-दहाचे पावणेचार कोणी केले?

मी घड्याळ बोलतोय. किती वाजले ते मात्र मला विचारू नका. माझ्या तबकडीवर दोन काटे आहेत, किल्लीसाठी दोन भोकं आहेत, पण किल्ली घातली तर ती नुसती हवेत फिरते. आत काही नाही.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली हकीकत सांगतात तेव्हा शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात, असं मी पाहिलंय. फाटकी छत्री कृतार्थ असते, मोडकी खुर्ची बसणाऱ्याला आशीर्वाद देते. मला ते जमत नाही. मला एका माणसावर सूड उगवायचा होता. तो मी उगवला, आणि आज वीस वर्षं झाली तरी रोज थोडा थोडा उगवतो आहे.

माझा जन्म कनेक्टिकटमधल्या एका कारखान्यातला. अक्रोडाचं लाकूड, पितळेचा चेहरा, एकदा किल्ली दिली की आठ दिवस बघायला नको. लॉस एंजलिसच्या डॉक्टर कीलिंग नावाच्या दंतवैद्याने मला विकत घेतलं आणि रोग्यांच्या बसायच्या खोलीत ठेवलं. अठरा वर्षं मी तिथे काढली. ज्याचा दात ठणकतोय तो म्हणायचा, हे घड्याळ मागे पडतंय. ज्याचा नंबर आलाय तो म्हणायचा, पुढे पळतंय. माझी चूक आठवड्याला एका मिनिटापलीकडे कधी गेली नाही, पण ते कोणी ऐकून घेतलं नाही. खरं सांगणाऱ्याकडे माणसं कशा नजरेने बघतात ते मी तिथे शिकलो.

डॉक्टर वारले. त्यांच्या बायकोला रिकाम्या घरात माझी टिकटिक सोसेना. तिने घरातलं सामान काढलं, आणि मी हॉलिवूडच्या एका स्टुडिओच्या सामानघरात येऊन पडलो. माझ्या एका बाजूला फाशीचा दोर होता आणि दुसऱ्या बाजूला पेंढा भरलेला हंस. दोर गंभीर होता. हंस मात्र स्वतःला फार समजायचा, कारण तो एका नटीच्या मांडीवर बसून आला होता.

सामानघर हॉबी स्प्रेगच्या ताब्यात होतं. पन्नाशीचा, पोट सुटलेला, तोंडात सदा पाइप. तो वस्तूंशी बोलायचा, कारण वस्तू त्याला मध्येच तोडत नसत. स्टुडिओतल्या घडामोडी मला कळत त्या त्याच्याच तोंडून. वाईट नव्हता बिचारा. भित्रा होता. भित्र्या माणसांवरसुद्धा राग धरता येतो, हे मला पुढे कळलं.

एके दिवशी हॉबीने मला पुसलं आणि म्हणाला, "चला राव, नशीब काढलंत. डिटेक्टिव्हच्या चित्रपटात काम आहे."

चित्रपटाचं नाव होतं 'साखर इकडे द्या, तो मेलाय'. एका श्रीमंत घरात सकाळच्या न्याहारीला म्हातारा यजमान कॉफीचा घोट घेतो आणि बशीत तोंड घालून मरतो. मग डिटेक्टिव्ह येतो. त्याची खासियत अशी की कोणी खोटं बोललं की त्याला शिंक येते. श्रीमंतांच्या घरी चौकशी असल्यामुळे तो सबंध चित्रपटभर शिंकत असतो. लोकांनी हसावं म्हणून हा सगळा खटाटोप. खून बरोबर नऊ वाजून दहा मिनिटांनी होतो, म्हणून शेकोटीच्या कट्ट्यावर घड्याळ हवं. ते मी.

डिटेक्टिव्हचं काम करणारा नट म्हणजे रॉइस फेनविक. उंच, बारीक मिशी, कोटाला रोज ताजं फूल. डावी बाजू अधिक देखणी असं त्याचं मत होतं, त्यामुळे लोकांना त्याच्या उजव्या कानाचं दर्शन क्वचितच होई.

पहिल्याच दिवशी माशी शिंकली. तोवर चित्रपट बोलायला लागले होते. सेटच्या डोक्यावर मायक्रोफोन लोंबकळायचा आणि ध्वनी टिपणारा माणूस कानाला डबे लावून पेटीत बसायचा. तो पेटीतून बाहेर आला. "कोणीतरी दात वाजवतंय," म्हणाला.

सगळ्यांनी दात आवळले. तरी आवाज येतच राहिला. मग सगळे माझ्याकडे वळले.

हॉबी म्हणाला, "लंबक अडकवून ठेवतो, साहेब. एका मिनिटाचं काम. गप्प बसेल."

तेवढ्यात फेनविक पुढे आला. "थांबा, थांबा! रोगी माझा आहे." त्याने हातरुमाल तोंडावर बांधला, न्याहारीच्या टेबलावरचा मांस कापायचा सुरा उचलला आणि रंगभूषा करणाऱ्या मुलीला म्हणाला, "सिस्टर, कापूस." सेटवर हशा पिकला. हशा पिकला की त्या माणसाला थांबवणं देवाच्याही हातात नव्हतं. त्याने माझं मागचं दार उघडलं, सुरा घातला, पिळला, आणि सगळं यंत्र उपसून बाहेर काढलं. आत गुंडाळलेली पोलादी कमान सुटली. तिची किंकाळी ध्वनीवाल्याने टिपून ठेवली, आणि पुढे कुठल्याशा चित्रपटात गाढवाच्या तोंडी घातली असं मी ऐकलं. यंत्र संत्र्याच्या सालींच्या डब्यात गेलं.

लंबक अडकवला असता तरी भागलं असतं. हे मी विसरलेलो नाही.

त्या दिवशी एकच माणूस हसला नाही. कॅमेऱ्याशेजारी एका उंच स्टुलावर वर्ना टॉलिव्हर नावाची मुलगी बसलेली असे. मांडीवर वही, गळ्यात सेकंद मोजायचं घड्याळ. ती दयेपोटी हसली नाही असं नव्हे. ती लिहीत होती: 'घड्याळाचं यंत्र काढलं. सकाळी अकरा वीस.'

तिचं काम काय ते सांगतो. चित्रपट पडद्यावर दिसतो तसा ओळीने काढत नाहीत. आधी खुन्याला बेड्या पडतात, मग खून होतो, मग मेलेल्या माणसाचं लग्न लागतं. जशी सोय असेल तसं. त्यामुळे मंगळवारी खोलीत शिरणाऱ्या बाईच्या हातात जी पिशवी होती, तीच पुढल्या शुक्रवारी खोलीबाहेरच्या चित्रणात हवी. पेला अर्धा होता की पाऊण, गाठ डावीकडे होती की उजवीकडे, आणि घड्याळात किती वाजले होते, हे सगळं वर्ना टिपून ठेवायची. तिचे वडील नेब्रास्कात एका आडगावच्या स्टेशनावर तारबाबू होते. त्यांच्याकडून उचललेल्या खुणांनी ती लिहायची. तिची वही तिच्याशिवाय देवालाही वाचता आली नसती.

यंत्र गेल्यावर माझे काटे बोटाने फिरवावे लागत. ते हॉबीने फिरवायचे आणि वर्नाने तपासायचे. ती जवळ येऊन, मान जरा वाकडी करून बघायची. "मिनिटकाटा अर्धा केस पुढे आहे, हॉबी." डॉक्टर कीलिंग गेल्यापासून माझ्याकडे असं नीट कोणी पाहिलं नव्हतं.

फेनविकला यात खेळ सापडला. तिची पाठ वळली की तो काटे फिरवायचा आणि ओरडायचा, "वर्नाबाई, आज आपलं काहीतरी हरवलंय बघा!" ती यायची, बघायची, काटे जागेवर आणायची. "बारा वाजायला वीस कमी केलंत. काल सव्वासहा केले होते. जरा नवीन काढा काहीतरी, मिस्टर फेनविक." मंडळी हसायची, पण आता त्याच्यावर. असं अकरा वेळा झालं. ज्याच्या पोटापाण्याचा धंदाच हशाचा, त्याला अकरा वेळा आपल्यावर हसून घेणं किती झोंबतं ते मी जवळून पाहिलं.

शेवटच्या प्रसंगाचं चित्रण आलं. सगळे संशयित न्याहारीच्या टेबलाभोवती बसलेत, समोर कॉफी. डिटेक्टिव्ह माझ्यासमोर उभा राहून म्हणतो, "सभ्य स्त्री-पुरुषहो, आत्ता बरोबर नऊ वाजून दहा मिनिटं झाली आहेत. खुनी या खोलीत आहे, आणि या खोलीतून कोणी हललेलं नाही!"

वर्नाने मला नऊ-दहाला लावून घेतलं. लगेच फेनविक म्हणाला, "अगं, माझा रुमाल राहिला खोलीत. शिंकायचंय मला. पळ." ती पळाली. तो कट्ट्याला कोपर टेकून उभा राहिला, लोकांशी हसत बोलत, आणि पाठीमागे हात नेऊन उजव्या तर्जनीने माझे काटे पावणेचारवर नेले. हॉबी समोरच कॉफीचे कप मांडत होता. त्याने पाहिलं. त्याची नजर खाली कपात गेली.

मी मनात म्हटलं, आता कोसळावं आणि याच्या पायावर पडावं. पण मी हलू नये म्हणून हॉबीनेच मला बुडाशी सुताराची लांबी थापून कट्ट्याला चिकटवलं होतं.

वर्ना धापा टाकत परत आली. "घड्याळ एकदा बघू का, क्रॅस्कसाहेब?"

दिग्दर्शक क्रॅस्कला जेवायची घाई होती. "पाच मिनिटांपूर्वी बघितलंस ना? लग्न लावलंयस की काय त्याच्याशी? बैस जागेवर!"

तिच्या स्टुलावरून मी दिसत नव्हतो. मधे दिव्याचा खांब होता आणि खांबापुढे फेनविक. चित्रण झालं. टाळ्या झाल्या. फेनविक गंमत सांगायची म्हणून थांबला होता. पण कोणीतरी त्याच्या शिंकेचं कौतुक केलं, आणि कौतुकाच्या भरात तो गंमत विसरला. दुसऱ्या सकाळी तो दिवाणखाना मोडून तिथे दुसऱ्या चित्रपटाचं इस्पितळ उभं राहिलं. काढलेलं चित्रण साहेबलोक रोज पाहत, पण त्यात सगळे फेनविककडे बघत आणि फेनविकही फेनविककडे. वर्नाच्या हुद्द्याच्या माणसांना त्या खोलीत प्रवेश नसे.

आता आमच्याकडची एक रीत. चित्रपट तयार झाला की गाजावाजा न करता तो जवळच्या एखाद्या गावात चाचणीला दाखवायचा. प्रेक्षक कुठला तरी घोड्यांचा चित्रपट बघायला आलेले असतात, त्यांना हा दाखवायचा, आणि जाताना प्रत्येकाच्या हातात एक कार्ड आणि पेन्सिल द्यायची. कार्डावर लोक लिहितील ते खरं. करोडो माणसांना हसवणारे लोक एका न्हाव्याच्या कार्डापुढे चळचळ कापतात.

ग्लेंडेलला खेळ झाला. हॉबी मागच्या रांगेत होता. दुसऱ्या दिवशी त्याने मला सांगितलं. फेनविकने छाती काढून "नऊ वाजून दहा मिनिटं" म्हटलं, आणि त्याच्या खांद्यामागे मी, बारा फूट उंच, पावणेचार दाखवत उभा. मग बाल्कनीतून एकजण ओरडला, "मग कॉफी गार झाली असेल हो!" त्यापुढे चित्रपटातलं एक अक्षर कोणाला ऐकू आलं नाही. खुनी कोण ते ग्लेंडेलला अजून माहीत नाही.

सकाळी स्टुडिओचे मोठे साहेब मिस्टर पेल्झर यांनी मला बोलावून घेतलं. मी त्यांच्या टेबलावर मधोमध. भोवती क्रॅस्क, फेनविक, हॉबी आणि वर्ना. चित्रपटातला शेवटचा प्रसंग जसाच्या तसा, फक्त कॉफी नव्हती.

"हे काय आहे?" पेल्झर म्हणाले.

"घड्याळ, साहेब," क्रॅस्क म्हणाला.

"ते मला दिसतंय. काल अख्ख्या ग्लेंडेलला दिसलं. मी विचारतोय, नऊ-दहाचे पावणेचार कोणी केले?"

फेनविक कोटाचं फूल नीट करत होता. "मी तर शिंकण्यात गुंतलो होतो, साहेब."

वर्ना म्हणाली, "मी नऊ-दहाला लावून घेतलं होतं. मग मिस्टर फेनविकनी मला रुमाल आणायला पाठवलं. आल्यावर मी पुन्हा बघू का म्हणून विचारलं होतं."

"विचारलं होतं?" पेल्झरनी क्रॅस्ककडे पाहिलं.

क्रॅस्क छताकडे बघू लागला. "त्या दिवशी लोक मला फार गोष्टी विचारत होते, साहेब."

"हॉबी, तू होतास ना?"

हॉबीने पाइप तोंडातून काढला, पुन्हा घातला. "मी कप मांडत होतो, साहेब."

माझ्यात टोले उरले नव्हते, नाहीतर मी त्या खोलीत बाराच्या बारा दिले असते.

पेल्झर वर्नाला म्हणाले, "पोरी, खुनी कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही तरी चालतं. वाजले किती ते कळायला पाहिजे. आपलं सामान घे. आणि दुसऱ्या स्टुडिओतून मला फोन आला, तर मी खोटं बोलणार नाही."

म्हणजे सगळंच संपलं. आमचं गाव नावाला मोठं, धंद्याला चार गल्ल्यांचं. जिच्या डोळ्यांदेखत घड्याळ साडेसहा तास उडी मारतं, तिला त्या कामावर पुन्हा कोण ठेवणार? आणि वर्नाला दुसरं काही करायचंही नव्हतं. काही माणसं आपल्या कामाशी अशी बेतून शिवलेली असतात की काम काढलं तर आत काय उरतं ते मला विचारा.

फेनविकने उठून तिच्यासाठी दार उघडलं, वाकून. "वेळेवर निघालीस," म्हणाला.

त्या क्षणी माझ्या सुडाच्या यादीत दोन नावं नक्की झाली. पहिलं त्याचं. दुसरं हॉबीचं.

दुपारी कार्डं आली. दोनशे चौदा कार्डं, पेल्झर एकेक मोठ्याने वाचू लागले. मी अजून टेबलावरच होतो.

"'घड्याळ फार आवडलं. डिटेक्टिव्ह थोडा कमी करता आला तर पाहावा.'"

"'इतकं मी माझ्या मेहुण्याच्या लग्नातही हसलो नव्हतो. घड्याळाला शाबासकी.'"

"'नायकाच्या शिंकांनी बायकोला सर्दी झाली. घड्याळ उत्तम.'"

दोनशे चौदापैकी एकशे साठांवर मी होतो. फेनविक एकवीस कार्डांवर होता, त्यातल्या चारांवर बऱ्या अर्थाने. पेल्झर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. माझ्याकडे नव्हे, आपल्या गल्ल्याकडे बघावं तसे. "लोकांना घड्याळ हवंय," ते म्हणाले. "लोकांना घड्याळ द्या. प्रत्येक प्रसंगात ते चुकीचं दिसलं पाहिजे, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त चुकीचं. दिवाणखाना पुन्हा बांधा!"

दिवाणखाना बांधता येतो. पण कुठल्या चित्रणात माझे काटे कुठे होते, कोणाच्या हातात कप कोणता, कोणाचं डोकं कुठे वळलं होतं, हे कळल्याशिवाय नवं चित्रण जुन्याला जोडता येईना. ते सगळं वर्नाच्या वहीत होतं. वही स्टुडिओपाशी होती. क्रॅस्कने ती उघडली, उलटी धरली, सुलटी धरली, आणि मिटली.

तेव्हा हॉबीला पाठवलं. पेल्झरांनी बजावलं होतं, घड्याळ नजरेआड करायचं नाही. त्यामुळे मी मोटारीत पुढच्या बाकावर बसून गेलो. हंसाने ते पाहिलं असतं तर त्याचा पेंढा उसवला असता.

आमच्याकडे औषधांच्या दुकानात खायलाही मिळतं. अशाच एका दुकानात वर्ना काउंटरमागे उभी होती, डोक्याला कागदाची टोपी. हॉबीने मला काउंटरवर ठेवलं.

"काय घेणार?" ती म्हणाली.

"वर्ना, मी आहे."

"दिसतंय. काय घेणार? अंड्याचं सँडविच आहे, टर्कीचं संपलं."

"साहेबांनी बोलावलंय. वही कोणाला वाचता येत नाही."

"हं."

हॉबीने टोपी काढली. "वर्ना, मी पाहिलं होतं. त्याने काटे फिरवले ते. मी पाहिलं होतं गं."

"मला ठाऊक आहे."

"कसं?"

"रुमाल घेऊन आले तेव्हा तुमचा पाइप विझला होता. दोन वर्षांत तुमचा पाइप विझलेला मी कधी टिपला नाही." तिने त्याच्यापुढे कॉफी सरकवली. "प्या. गार होईल."

माझ्या यादीतलं दुसरं नाव तिथल्या तिथे खोडलं गेलं. मी नाही खोडलं. तिने खोडलं. मला ते आवडलं नाही, पण विचारतो कोण.

"येते मी," ती म्हणाली. "पण आधी साहेबांनी एक कागद करून घ्यायचा. घड्याळाची ही गंमत मुळात कोणाची, ते लिहून, सही घेऊन. नाहीतर उद्या एखादा लेखक उठेल आणि म्हणेल माझी."

हॉबी बुचकळ्यात पडला. "तुला नाव हवंय तुझं?"

"माझं नको. ज्याचं आहे त्याचं हवंय."

खरं सांगतो, माझी निराशा झाली. मला रक्त हवं होतं आणि ही कागद मागत होती. कारकुनाच्या हातात काय असतं ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

पेल्झरना लेखकांची धास्ती होतीच. आदल्या वर्षी एकाने त्यांना कोर्टात खेचलं होतं. नवा दिवाणखाना उभा राहिला, मी कट्ट्यावर चढलो, सगळी मंडळी जमली, तेव्हा ते स्वतः सेटवर आले. वर्ना स्टुलावर, मांडीवर वही.

"कागदावर नाव कोणाचं घालायचं?" पेल्झरनी विचारलं. "घड्याळाची कल्पना कोणाची?"

ज्या लोकांनी आठवड्यापूर्वी छताकडे पाहिलं होतं, त्यांच्या माना आता ताठ झाल्या.

क्रॅस्क खाकरला. "दिग्दर्शकाची एक नजर असते, साहेब. मी म्हटलं, चुकीचंच राहू दे. चुकीचंच शोभतंय."

वर्नाने लिहून घेतलं. "क्रॅस्कसाहेबांची कल्पना," ती मोठ्याने म्हणाली, सावकाश, एकेक अक्षर.

फेनविकच्या मिशा हलल्या. एकशे साठ कार्डं त्याच्या घशात अडकलेली होती. "याची कल्पना? याची? याला स्वतःच्या लग्नाची कल्पना सुचली नव्हती, बायकोने सुचवली! काटे मी फिरवले!"

"तू तर शिंकत होतास," पेल्झर म्हणाले.

"शिंकायच्या आधी! या बोटाने! हिला रुमालाच्या निमित्ताने बाहेर काढलं आणि पाठीमागून फिरवले. न बघता! आहे कोणाची छाती?"

वर्नाने पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. "कुठलं बोट, मिस्टर फेनविक? नोंदीसाठी."

"तर्जनी. उजवी."

"आणि मला काढलं तेव्हा तुम्ही खोलीत होतात."

"होतो की!"

"मग तेव्हा का बोलला नाहीत?"

"तेव्हा कार्डं कुठे आली होती!"

सेटवर इतकी शांतता पसरली की ध्वनीवाला काय बिघडलं म्हणून पेटीतून बाहेर आला. रंगभूषेच्या मुलीने हातातला पफ खाली ठेवला. फेनविक सगळ्यांकडे बघत होता, हशा कुठे अडकला म्हणून.

वर्ना कोपऱ्यातल्या टाइपरायटरवर जाऊन बसली. चार ओळींचा कागद, दोन प्रती. मग तिने लाल पेन्सिल घेतली. तुम्हाला ठाऊक नसेल, नटाला संहिता देतात तेव्हा त्याची वाक्यं लाल पेन्सिलीने अधोरेखित करून देतात. बाकीचं तो वाचत नाही. फेनविकने आयुष्यात लाल रेघेखेरीज काही वाचलेलं नव्हतं. तिने दोनच जागी रेघ मारली: त्याच्या नावाखाली आणि 'घड्याळाचे काटे मी फिरवले' या शब्दांखाली.

पेल्झरनी सगळा कागद वाचला. मग वर्नाकडे पाहिलं, मग फेनविककडे, आणि कागद पुढे केला. फेनविकने लाल रेघा वाचल्या आणि दोन्ही प्रतींवर झोकदार सही ठोकली. साक्षीदार म्हणून हॉबीने सही केली. एक प्रत वर्नाने घडी करून पर्समध्ये ठेवली.

"दुसरी मला," फेनविक म्हणाला. "चौकट करून लावतो."

"जरूर लावा," वर्ना म्हणाली. "काच चांगली घाला."

त्याच दिवशी पेल्झरनी स्वतः तीन स्टुडिओंना फोन केले, ती समोर बसलेली असताना. वर्नाने वही वाचून दाखवली, नवं चित्रण पुरं करून दिलं, आणि पुढल्या महिन्यात दुसरीकडे निघून गेली. ती अजून स्टुलावर बसते, आणि तिच्या चित्रपटात कुठलंही घड्याळ कधी चुकलेलं नाही, असं हॉबी निवृत्त होताना मला सांगून गेला.

चित्रपट चालला. फेनविकला माझ्याबरोबर आणखी दोन करावे लागले. जाहिरातीत माझं चित्र मोठं, त्याचं लहान. रस्त्यात लोक त्याला थांबवून विचारत, "घड्याळ काय म्हणतंय?" मग लोकांना माझा कंटाळा आला, आणि त्याचा त्याहून आधी. स्टुडिओने जुनं सामान काढलं तेव्हा त्याने मला मागून घेतलं. आठवण म्हणून.

आता मी त्याच्या घरी शेकोटीच्या कट्ट्यावर असतो, आणि माझ्या डोक्यावर, चांगल्या काचेच्या चौकटीत, तो कागद.

पाहुणे कमी येतात, पण येतात. तो त्यांना हाताला धरून माझ्यासमोर आणतो. "वाचा," म्हणतो. "सबंध हॉलिवूडला जे सुचलं नाही ते." ते वाचू लागतात. पहिल्या ओळीत काटे मी फिरवले असं आहे. तिथे पाहुणे हसतात. दुसऱ्या ओळीत त्या मुलीने घड्याळ पुन्हा बघू द्या म्हणून विनंती केली होती, असं आहे. तिथे हसू जरा ओठांवर रेंगाळतं. तिसऱ्या ओळीत लिहिलंय: 'मिस वर्ना टॉलिव्हर यांना या चुकीसाठी कामावरून काढलं, तेव्हा मी त्या खोलीत हजर होतो आणि गप्प राहिलो.' चौथीत तारीख.

तिसऱ्या ओळीशी प्रत्येकाचा चेहरा बदलतो. तो मी रोखून बघतो. दुसरं कामच नाही मला. पाहुणा हळूच त्याच्याकडे बघतो आणि त्याला एकाएकी घरी जायची आठवण होते. गेल्या वर्षी त्याची सख्खी भाची आली होती. तिने वाचलं, टोपी घातली आणि निघाली. पुन्हा आलेली नाही. दार लागलं की तो माझ्याकडे वळून म्हणतो, "हल्ली लोकांना विनोद कळत नाही." वीस वर्षांत त्याने ती ओळ वाचलेली नाही. तिच्याखाली लाल रेघ नाही.

तुम्ही त्या बाजूला कधी गेलात तर जरूर या, तो कोणालाही आत घेतो. तुम्हाला माझ्यासमोर उभं करील आणि वाचा म्हणेल. माझी एवढीच विनंती आहे, मनातल्या मनात वाचू नका. तिसरी ओळ मोठ्याने वाचा, त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन. डाव्याने त्याला आता ऐकू येत नाही.